सोबत्यानं स्वतःचं सांगायचं नसतं

४ फेब्रुवारी

प्रिय मिरे,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. कागद मध्ये बोलत नाही.

बातमी अशी की मी ‘सोबती’ झाले. लगेच भुवया उंचावू नकोस. आमच्या चर्चच्या मंडळीत आजारी, एकटे, नुकतंच कुणी गेलेलं, कुणाचं घर मोडलेलं अशी माणसं वाढली आणि पाळक एकच. त्यांनाही दोनच पाय. म्हणून आमच्यासारख्या साध्या माणसांना शिकवून तयार करायचं आणि एकेकाला एकेका घरी पाठवायचं असं ठरलं. सकाळची तुकडी मेट्रनबाईंकडे (त्या इस्पितळातून निवृत्त झाल्यात, पण इस्पितळ त्यांच्यातून झालेलं नाही) आणि संध्याकाळची पाळकांकडे. मी सकाळची.

शिकवलं काय, तर गप्प बसायला. सल्ला द्यायचा नाही. समोरचा बोलायचा थांबला तर ती पोकळी भरायला धावायचं नाही. आपलं रडगाणं गायचं नाही, सोबत्यानं स्वतःचं सांगायचंच नसतं. ज्याच्याकडे जातो त्याला ‘मला पाठवलंय’ असंही म्हणायचं नाही, माणसाला ओशाळं वाटतं. सहज आले म्हणायचं. आणि कुणाकडे जातो ते कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. शाळेच्या ग्रंथालयात जन्मभर मी पोरांना गप्प बसवलं. आता मला स्वतः गप्प बसल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर मेट्रनबाईंची सही आहे.

मला एक गृहस्थ दिलेत. नाव सांगणार नाही, शपथ आहे. पत्रात नुसतं ‘ड्रायव्हिंग मास्तर’ म्हणेन.

तुझी
वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

धन्य तुमची गुप्तता. त्या गावात ड्रायव्हिंग मास्तर एकच आहे आणि अर्ध्या गावानं त्याच्याच गाडीतून कुंपणं पाडलीत. त्यातलं एक मी पाडलं. लग्नाआधी त्यांच्याकडेच शिकले मी, विसरलीस? शेजारी बसून नुसतं “आरसा, आरसा” ओरडायचे. अजूनही लिपस्टिक लावताना दचकते.

त्यांना काय झालंय? बायको तर केव्हाच गेली. मुलगी परदेशी, तीही सुखात असावी, कारण पत्र पाठवत नाही म्हणे.

बाकी प्रशिक्षणाचं कौतुक मला सांगू नकोस. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीत बसून मला एकोणीस वर्षं झाली. मीही सल्ला देत नाही, मीही गप्प ऐकते, आणि मलाही काही करता येत नाही. फक्त मला त्याचा पगार मिळतो आणि शिव्या बोनस.

एक विचारू? दादाला जाऊन वर्ष होईल. इस्पितळातले शेवटचे दिवस तू एकटी होतीस. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू त्यातलं काहीच कधी सांगितलं नाहीस. दुसऱ्यांची ऐकायला निघालीस ते ठीक, पण घरच्या माणसाला दोन शब्द दिलेस तर प्रमाणपत्र परत घेतील का?

मिरी


२६ फेब्रुवारी

प्रिय मिरे,

तुझं पत्र मिळालं. दादाबद्दल लिहिलंस, बरं केलंस. तुला त्या दिवसांची आठवण येते तेव्हा नेमकं काय वाटतं?

मास्तरांकडे दर मंगळवारी जाते. दोन खोल्या, नीटनेटक्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा मोठा तक्ता. ‘पुढे वळण’, ‘पुढे शाळा’. त्याच्याखाली आम्ही बसतो. पहिल्या भेटीत मी विचारलं, “कसं चाललंय?” ते म्हणाले, “चाललंय. तुमचं?” मी म्हटलं, “ठीक. तुम्ही हल्ली काय विचार करता?” ते म्हणाले, “विशेष नाही. तुम्ही काय करता?” मी पोकळी भरायला धावले नाही, आणि मिरे, तेही धावले नाहीत. इतका मिटलेला माणूस मी पाहिला नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, काही लोकांना वेळ लागतो, उलट प्रश्न विचारून ते स्वतःला झाकतात.

पण प्रगती आहे. हल्ली शुक्रवारी ते आपण होऊन माझ्याकडे येतात. “सहज आलो,” म्हणतात. खुर्चीत बसतात, मान हलवतात, माझ्याकडे एकटक बघतात. माणसाचा विश्वास बसला की असं होतं म्हणे.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. ते माझ्या दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटून आत येतात. दर वेळी. परवा साखरेचं भांडं त्यांच्या डाव्या हाताशी होतं आणि ते टेबलभर शोधत होते. मी भांडं पुढे सरकवलं. ते म्हणाले, “हल्ली लक्ष नसतं.” मी म्हटलं, “लक्ष नसतं म्हणजे कसं वाटतं?” त्यांनी चहा ढवळला.

तुझी
वहिनी


५ मार्च

वहिनी,

पहिली गोष्ट. माझ्यावर सराव करायचा नाही. “नेमकं काय वाटतं” हा प्रश्न पुन्हा पत्रात आला तर पाकीट तसंच परत पाठवीन, तिकीट तुझ्या माथी. मी काय वाटतं ते विचारलं नव्हतं, काय झालं ते विचारलं होतं.

दुसरी. मास्तर अजून शिकवतात का? का निवृत्त झाले? हे आधी लिही. त्यांची जागा डावीकडची. त्यांच्या डाव्या हाताला फुटपाथ, सायकली, शाळेची पोरं. शिकणारा बिचारा गिअर शोधत असतो, त्याचे डोळे म्हणजे मास्तरच. त्या बाजूला तुझ्या साखरेच्या भांड्यासारखं एखादं पोर आलं तर?

मिरी


१७ मार्च

मिरे,

शिकवतात. रोज सकाळी एकच गाडी, एकच विद्यार्थी. कोण, तर आमचे पाळक. तीनदा परीक्षेत नापास झालेत आणि चौथ्यांदा देवाची इच्छा अजमावतायत. मी खिडकीत केस विंचरत असते तेव्हा रोज समोरून जातात. पाळक घामाघूम, आणि शेजारी मास्तर पुतळ्यासारखे.

तुझं पत्र आल्यापासून ती गाडी माझ्याच्यानं बघवत नाही.

आता तू म्हणशील, मग बोल. बोलायला गेले ना. मेट्रनबाईंची आमची बैठक असते, सात-आठ सोबती, गोल बसायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, ओळख पटेल असं काही सांगायचं नाही. आता मी ड्रायव्हिंग म्हटलं की संपलं. म्हणून म्हटलं, “मी भेटते त्यांना एका बाजूचं दिसत नाही असं मला वाटतं, आणि त्यांच्या कामात ते धोक्याचं आहे.” मेट्रनबाईंनी विचारलं, “हे त्यांनी सांगितलं का तुमचा अंदाज?” अंदाजच. मग त्या म्हणाल्या, “आपण रोगनिदान करत नाही. रोगनिदान करणाऱ्या बायकांनी मी नोकरीत असताना फार छळलंय मला.” त्यांना वाटतं मास्तर कधीच घरी बसलेत. मी काम म्हटलं ते त्या बागकाम समजल्या असाव्यात, कारण शेवटी “कात्री जपून वापरायला सांगा” म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. तोही सल्लाच झाला ना.

मग सगळ्यांनी मिळून मला विचारलं की हे बघताना मला काय वाटतं. तुझी फार आठवण झाली.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

मी दोनदा वाचलं. म्हणजे तुमचे पाळक रोज सकाळी ज्याला अर्धा रस्ता दिसत नाही अशा माणसाच्या भरवशावर गाडी हाकतात, आणि तू ते त्यांना सांगत नाहीस, कारण सांगायचं नाही हा नियम त्यांनीच केलाय. आमच्या खात्यातसुद्धा एवढं सुंदर काम झालेलं नाही, आणि आम्ही फुटलेला पाइप तीन वर्षं टेबलावरून टेबलावर फिरवलाय.

नियम माणसाचं ऐकून घ्यायला केला होता ना? मग माणूस जगायला नको? जा आणि तोंडावर सांग. तू अख्ख्या शाळेच्या मुख्याध्यापकाला ‘तुमच्या शर्टाचं बटण उघडं आहे’ असं भर सभेत सांगितलेली बाई आहेस. ती बाई दादाबरोबर गेली की काय?

रागावलीस तर रागाव. पण मंगळवारच्या आत रागाव.

मिरी


२ एप्रिल

मिरे,

मंगळवारपर्यंत थांबले, तिथेच चुकलं.

शनिवारी सकाळी चौकात पाळकांना डावीकडे वळायचं होतं. मास्तर म्हणाले (हे त्यांच्याकडूनच मागाहून कळलं), “मोकळं आहे, घ्या.” मोकळं नव्हतं. एक कॉलेजातली मुलगी सायकलवरून येत होती. पाळकांनी ब्रेक दाबला. दिसलं म्हणून नाही, ते प्रत्येक वळणावर दाबतात, म्हणूनच तीनदा नापास झालेत. त्यांच्या भित्रेपणानं पोरगी वाचली. पडली, गुडघा सोलला, चाक वाकलं, एवढ्यावर निभावलं.

पण पुढचं ऐक. रविवारी पाळकांनी उपासनेत याच विषयावर प्रवचन केलं. आपण किती बेसावध असतो, आपल्याला शेजारचा माणूस दिसत नाही, मला परवा एक लेकरू दिसलं नाही, वगैरे. सगळा दोष स्वतःवर घेतला. बायकांनी डोळे पुसले. मास्तर माझ्या पुढच्या रांगेत होते. त्यांची मान मला मागून दिसत होती. ती मान मी विसरणार नाही.

मंगळवारी गेले. चपला काढल्या आणि बसायच्या आत बोलले. बसले असते तर पुन्हा ‘कसं चाललंय’ झालं असतं. म्हटलं, “मास्तर, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. चूक पाळकांची नव्हती.”

मी थांबले. शिकवलंय तसं. तेही थांबले. तक्त्यावरच्या सगळ्या खुणा वाचून झाल्या माझ्या.

मग म्हणाले, “खरंय. पण तुमच्यापाशी हे बोलायची मला परवानगी नाही.”

“कुणाची परवानगी?”

“पाळकांची. मी संध्याकाळच्या तुकडीतला. सोबत्यानं स्वतःचं सांगायचं नसतं.”

मला आधी वाटलं, डोळ्याबरोबर डोकंही गेलं. म्हटलं, “तुम्ही कुणाचे सोबती?”

“तुमचा. चार फेब्रुवारीपासून. तुमचे यजमान गेल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही, म्हणून पाळकांनी मला तुमच्याकडे लावून दिलं. शुक्रवारी मी काय चहाला येतो होय? आणि मंगळवारी तुम्ही आपणहून यायला लागलात, तर पाळक म्हणाले, विश्वास बसतोय त्यांचा, फार उत्तम.”

मी खाली बसले. म्हटलं, “अहो, मी तुमची सोबती आहे. मेट्रनबाईंनी पाठवलंय. मुलगी लिहीत नाही, घरात एकटे असतात, म्हणून.”

“मुलगी दर रविवारी फोन करते,” ते म्हणाले. “मीच उचलत नाही. डोळ्यांचं विचारील म्हणून.”

मिरे, पाळकांनी मेट्रनबाईंना सांगितलं नाही, मेट्रनबाईंनी पाळकांना सांगितलं नाही, कारण गुप्तता. दोन महिने दोन शिकलेली माणसं आठवड्यातून दोनदा समोरासमोर बसून एकमेकांचं मौन ऐकत होती. आणि तेवढ्या वेळात हा माणूस आंधळा होत होता, आणि ते सांगणं त्याच्या सेवेत बसत नव्हतं.

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. ते म्हणाले, “गाडी सोडली तर सकाळी उठायचं कशाला? हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.” मी डोळ्याच्या डॉक्टरकडे कधी जायचं ते विचारलं. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, “बघू नाही. बघता येत नाही म्हणून तर जायचंय.” सल्ला दिला, मिरे. सरळ, धडधडीत सल्ला.

त्यावर ते काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, “आता नियम मोडलाच आहे तर मीही बोलतो. तुमच्याइतकं अवघड माणूस आमच्या तुकडीत कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. मी पाळकांना तसं सांगितलंय. काहीही विचारलं की तुम्ही उलट प्रश्न करता. तुम्ही ऐकत नाही, बाई. तुम्ही लपता.”

मी चपला घातल्या आणि घरी आले.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

ऑफिसात तुझं पत्र वाचून इतकी हसले की खिडकीतल्या गृहस्थांना वाटलं त्यांच्या नळाला हसतेय. त्यांनी माझ्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. ती मीच नोंदवून घेतली.

पण मास्तरांचं शेवटचं वाक्य वाचून हसू थांबलं. माझ्या मनातलं होतं. मी म्हटलं असतं तर नणंदेचा टोमणा झाला असता, म्हणून आजवर गिळत आले.

ते डॉक्टरकडे गेले का? पाळकांना कळलं का? काय ते लिही. तुझं काही विचारत नाही.

मिरी


२९ एप्रिल

प्रिय मिरे,

गेले. एकटेच गेले, मला बरोबर घेतलं नाही. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर बरीचशी गेलीय आणि ती परत येत नाही. उजव्यातही सुरुवात आहे. थेंब घातले रोजच्या रोज, जन्मभर, तर उरलेलं बहुधा राहील. सहा महिने आधी आला असतात तर जास्त उरलं असतं, हेही डॉक्टरांनी सांगून टाकलं. डॉक्टरांना कुणी गप्प बसायचं शिकवत नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी पाळकांना खरं सांगितलं आणि गाडीच्या किल्ल्या गावात नुकतीच दोन पोरांनी काढलेल्या ड्रायव्हिंग शाळेत देऊन आले. पाळकांनी पुढच्या रविवारी प्रवचन दुरुस्त केलं नाही. एकदा वाटलेला पश्चात्ताप परत कसा घेणार? मात्र मेट्रनबाईंचं आणि त्यांचं जोरात वाजलं. दोघांचंही म्हणणं एकच, आपण नियम पाळला. आता असं पुन्हा होऊ नये म्हणून तिघांची समिती नेमलीय. समितीत कोण आहे ते गुप्त आहे.

आम्हा दोघांची ‘जोडी’ रद्द झाली. मला आता एक बाळंतीण दिलीय, ती इतकं बोलते की मला शिकलेलं काही वापरावंच लागत नाही. मास्तरांना अजून कुणी दिलेलं नाही. त्यांनीच नको म्हटलं.

खरं बोलल्याबद्दल कुणी गळ्यात हार घालत नाही. तीन आठवडे त्यांनी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. उपासनेला माझ्या डावीकडे उभे राहिले, म्हणजे मी त्यांच्या उजवीकडे, स्वच्छ दिसत होते, तरी नमस्कार नाही. सकाळी खिडकीत उभी राहिले की ती गाडी जायची. आत पाळक, शेजारी विशीतला एक मुलगा, कानात काहीतरी घातलेला. मला वाटायचं, मी पुढच्या एखाद्या पोरीचा जीव वाचवला की मास्तरांची सकाळ घेतली? मेट्रनबाईंच्या बैठकीत हे विचारलं नाही. त्यांनी मला काय वाटतं ते विचारलं असतं.

काल शुक्रवार. दार वाजलं. मास्तर. या वेळी चौकटीला आपटले नाहीत, डावा हात पुढे करून चाचपत आले. “सहज आलो” म्हणाले नाहीत. म्हणाले, “थेंब घालून घ्यायचे होते. माझा हात हलतो, निम्मे गालावर जातात.” मी घातले. ते डोळे मिटून बसले आणि बोलायला लागले. गाडीबद्दल, नव्या पोराबद्दल (“आरसा बघायला सांगत नाही तो, मी उभा राहून पाहिलंय”), मुलीचा फोन उचलला त्याबद्दल. ती रडली, मग ओरडली. पुढच्या महिन्यात येतेय. मला एकही प्रश्न विचारला नाही. तासभर.

आणि मग मलाच राहवलं नाही. मी त्यांचं वाक्य मध्येच तोडलं आणि सांगितलं. जे तुला सांगायला हवं होतं ते.

मिरे, शेवटच्या दिवशी तुझ्या दादाची नखं वाढली होती. त्याला ते खपायचं नाही, तुला माहीत आहे. मी दुपारी बसून कापली. त्यानं हात वर धरून बघितला आणि म्हणाला, “वाकडी कापलीस.” मग डोळा लागला, आणि पुन्हा बोलला नाही. एवढ्या वर्षांचा संसार, आणि निरोप काय, तर वाकडी कापलीस. सगळे येऊन विचारत होते, काही म्हणाले का शेवटी. मी नाही म्हणत राहिले. लोकांना वाटतं मला दुःख आहे. ते आहेच. पण त्याच्या वर राग बसलाय, आणि मेलेल्या माणसावर रागावलेल्या बाईला कुठल्या तुकडीत बसवायचं हे ना पाळकांना माहीत ना मेट्रनबाईंना.

मास्तरांनी मध्येच डोळे उघडले. थेंब वाया गेले. विचारलं, “कापली होती का वाकडी?”

म्हटलं, “हो. नेलकटर इस्पितळाचा होता.”

“मग बरोबरच बोलले की,” म्हणाले.

मला इतकं हसू आलं की थेंब पुन्हा घालताना माझाच हात हलला.

तुझी
वहिनी


३ मे

वहिनी,

शनिवारी येतेय. चार दिवस रजा टाकलीय, खिडकीवर ‘अधिकारी दौऱ्यावर’ अशी पाटी लावायला सांगितलीय.

दादानं मलाही शेवटचं फोनवर काही म्हटलं होतं. तेही विशेष शोभेचं नाही. आजवर मी ते कुणाला सांगितलं नाही, तुला तर नाहीच, तुझा विषय त्यात होता. समोर बसून सांगीन.

मास्तरांना शुक्रवारऐवजी शनिवारी बोलाव. थेंब मी घालते, माझा हात हलत नाही. आणि कृपा करून दोघांनीही गप्प बसून ऐकू नका. मध्ये मध्ये बोला.

मिरी